खुर्ची दिली, पुढे काय? विश्वस्त मंडळ बदलण्यासाठी संस्थांचा अभ्यासगट

मी एका जुन्या संस्थेची इतिवृत्ताची वही चाळत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वस्तीत काम करणाऱ्या एका ताईंना विश्वस्त म्हणून घेतलं होतं. सत्कार झाला, फोटो निघाला. वहीत ताईंचं नाव प्रत्येक सभेला आहे, 'उपस्थित'च्या यादीत, सगळ्यात खाली. दोनदा त्या 'अनुमोदक' आहेत. 'सूचक' एकदाही नाहीत आणि त्या काय बोलल्या याची एक ओळ नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला कुणी अडवत नाही हो. पण माझा नंबर लागेस्तोवर चहा येतो."

असं झालं की बहुतेक संस्था ताईंनाच प्रशिक्षणाला पाठवतात. आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला, तसा हा प्रकार. ताईंना बोलता येतं. वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर त्या नगरसेवकाला गप्प करतात. शिकायचं असतं बाकीच्या आठ जणांना: अजेंडा कसा करायचा, कुणाला आधी विचारायचं, कुठली भाषा वापरायची. आणि वीस वर्षं संस्था चालवलेली माणसं प्रशिक्षकाकडून शिकत नाहीत. ती ऐकतात फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षाचं किंवा खजिनदाराचं. म्हणून पाच-सहा संस्थांच्या विश्वस्तांचा अभ्यासगट. इथे शिकवणारा कुणी नाही, सगळेच अडलेले. बचत गटातल्या बायकांना हे नव्याने सांगायला नको. त्या गोल बसून, एकमेकींची पासबुकं बघूनच हिशेब शिकल्या.

वर्षभराचा असा गट कसा चालवायचा, ते पुढे लिहिते आहे.

आधी आपले कागद काढा

गटात जाण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने घरचा अभ्यास करायचा. पहिला कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. त्यावरची नावं वाचा. पुष्कळ संस्थांत त्या यादीतले एक-दोन जण वारलेले असतात आणि गेली काही वर्षं प्रत्यक्ष काम पाहणारे यादीत नसतात. ज्यांची नोंदच नाही त्यांच्या समावेशाची चर्चा कशी करणार?

दुसरा कागद घटना किंवा ट्रस्ट डीड. किमान आणि कमाल विश्वस्त किती, मुदत किती, निवड सभासद करतात की उरलेले विश्वस्तच करतात, आजीव विश्वस्त किती, या चार गोष्टी शोधा. महाराष्ट्रात बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, त्यामुळे दोन्हीकडचे नियम पाहावे लागतात. 2025 मध्ये राज्याने आजीव विश्वस्तांवर मर्यादाही आणली. दस्तात तशी तरतूद नसेल तर ते एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावेत. तुमच्या संस्थेला हे कसं लागू होतं, ते वकिलाकडून समजून घ्या.

एक गोष्ट मात्र कायद्यात सापडणार नाही. ठरावीक मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने एक तरी महिला संचालक घ्यावीच लागते. सर्वसाधारण सार्वजनिक न्यासाला अशी सक्ती नाही. महिला सक्षमीकरणावर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेचं मंडळ सगळं पुरुषांचं असू शकतं, आणि ते कायदेशीर असतं.

तिसरा कागद तुम्हीच करायचा. एक साधा तक्ता: प्रत्येक विश्वस्त किती वर्षांपासून आहे, कोण कुणाचा नातेवाईक, राहतो कुठे, सभेला यायला किती वेळ लागतो, आणि संस्था ज्या प्रश्नावर काम करते तो प्रश्न त्याच्या स्वतःच्या घरात कधी होता का. शेवटचा रकाना बोलका असतो. एकल महिलांसाठी काम करणाऱ्या एका मंडळाचा तो पूर्ण रिकामा निघाला आणि अध्यक्ष बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

जातीचा रकाना ठेवायचा का? माझं मत, ठेवायचा. "आमच्याकडे जात बघत नाहीत" हे वाक्य मी बहुधा अशाच मंडळांत ऐकलंय जिथे सगळ्यांची जात एकच असते. पण प्रत्येकाने स्वतःची स्वतः लिहायची, लिहायची नसेल तर मोकळी सोडायची, आणि दुसऱ्याची आडनावावरून कुणीही भरायची नाही. तक्ता संस्थेतच राहतो. गटात फक्त त्यातून काय दिसलं तेवढं सांगायचं.

गट कसा जमवायचा

पाच किंवा सहा संस्था पुरेत. चारपेक्षा कमी असल्या तर एक-दोघं गैरहजर राहिल्यावर भेट बसत नाही. सातच्या वर गेलात तर भाषणं सुरू होतात. संस्था एकाच जिल्ह्यातल्या किंवा दीड-दोन तासांच्या अंतरातल्या हव्यात, पण एकाच तालुक्यात एकाच निधीसाठी अर्ज करणाऱ्या दोघी नकोत. त्या एकमेकींसमोर खरं बोलणार नाहीत. कामं वेगवेगळी असली तर उत्तम. वाचनालय, वसतिगृह, पाणलोट, अपंगांची संस्था, शाळा चालवणारं मंडळ, असं मिश्रण चालतं. देणगीदार कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) बघणारा अधिकारी कितीही सज्जन असला तरी गटात बसवायचा नाही. त्याने चहापाण्याचा खर्च दिला तर घ्यावा.

प्रत्येक संस्थेतून दोन माणसं, आणि वर्षभर तीच. एक जुना, ज्याची चेकवर सही चालते. दुसरा नवा किंवा कडेचा: अलीकडे आलेली विश्वस्त, किंवा अजून मंडळावर नसलेली पण येऊ शकेल अशी व्यक्ती. एकटा जुना आला तर परत जाऊन "छान झालं" एवढंच सांगतो. एकटी नवी आली तर तिचं मंडळात कुणी ऐकत नाही. दोघं एकाच गाडीने येतात-जातात, तेव्हा परतीच्या रस्त्यात जे बोलणं होतं त्याला मी भेटीचाच भाग मानते.

मंडळाने तसा ठरावही करावा: अमुक दोघं आमच्या वतीने जातील, प्रवासखर्च संस्था देईल आणि दर सभेत या विषयाला 20 मिनिटं राखून ठेवली जातील. ठराव नसेल तर पाचव्या भेटीनंतर अध्यक्ष विचारतो, "हे काय चाललंय तुमचं?"

पहिली भेट

पहिल्या भेटीत फार काम काढू नका. तीन नियम ठरवा आणि मोठ्या कागदावर लिहा. इथलं बोलणं नाव घेऊन बाहेर जाणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. संबोधन सगळ्यांना सारखं.

तिसरा नियम वाचून लोक हसतात. मग लक्षात येतं की आपल्या सभेत एक 'देशमुख साहेब' असतात, एक 'मॅडम' असतात आणि तिशीतल्या नव्या विश्वस्ताला मात्र सगळे नुसतं नावाने आणि अरे-तुरेत हाक मारतात. प्रेमानेच मारतात, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला सभेत 'अरे' म्हणता, त्याच्या आर्थिक आक्षेपाला तुम्ही कितपत गंभीरपणे घ्याल? मराठीत ही उतरंड क्रियापदातच बसलेली असते, म्हणून गटापुरतं तरी सगळ्यांना अहो-जाहो किंवा सगळ्यांना ताई-दादा, काही तरी एक पाळायचं. इतिवृत्तातही काहींना 'मा.' आणि काहींना नुसतं नाव, असं असेल तर ते बदलून या, हा पहिला गृहपाठ.

प्रत्येक भेट कशी चालवायची

दर पाच-सहा आठवड्यांनी एक भेट, अडीच तासांची, वर्षात आठ. जागा फिरती ठेवा, प्रत्येक संस्थेच्या आवारात एकदा तरी. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं, बायकांच्या संडासाला कडी नाही, स्टँडपासून रिक्षाला शंभर रुपये पडतात, या गोष्टी यजमानांना पाहुण्यांच्या डोळ्यांनी पहिल्यांदा दिसतात. सूत्रसंचालनही दर वेळी वेगळ्या संस्थेचं, आणि शक्यतो त्या जोडीतल्या नव्या माणसाकडे.

सुरुवातीला अर्धा तास गेल्या वेळच्या गृहपाठाचा. "केलं, असं झालं" किंवा "जमलं नाही, इथं अडलं". कारणं लांबवायची नाहीत.

मग मुख्य भाग, एका संस्थेचं एक प्रकरण. पंधरा मिनिटं ती जोडी प्रश्न मांडते, प्रश्न खरा आणि चालू हवा. 'महिलांचा सहभाग कसा वाढवावा' हे प्रकरण नाही, तो निबंधाचा विषय झाला. 'आमच्या दोन महिला विश्वस्त संध्याकाळच्या सभेतून साडेसहाला उठून जातात आणि आर्थिक विषय नेमके सातला येतात' हे प्रकरण.

पुढची वीस मिनिटं इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. हा सगळ्यात कठीण भाग. "तुम्ही वेळ बदलून का बघत नाही?" हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, सूत्रसंचालकाने तिथेच थांबवायचं. "आर्थिक विषय शेवटी ठेवायचं कुणी ठरवलं?" हा प्रश्न. वर सांगितलेल्या प्रकरणात याचं उत्तर आलं, "कुणीच नाही, पूर्वीपासून तसंच आहे," आणि निम्मं काम तिथेच झालं.

त्यानंतर वीस मिनिटं प्रकरण मांडणाऱ्यांनी गप्प बसायचं, शक्यतो खुर्ची थोडी मागे घेऊन, आणि बाकीच्यांनी आपापसात बोलायचं: आमच्याकडे असंच झालं होतं, आम्ही हे केलं, ते फसलं. मांडणाऱ्यांनी मध्ये खुलासा करायचा नाही. अध्यक्षपदाची सवय असलेल्या माणसाला ही वीस मिनिटं फार जड जातात, पण रोज आपल्या सभेत गप्प बसणाऱ्याला काय वाटतं हे त्याला त्यातूनच कळतं. शेवटी ती जोडी सांगते की पुढच्या भेटीपर्यंत एक कोणती गोष्ट करून बघणार. एकच. वहीत लिहायची, तारखेसह.

उरलेला वेळ चहाचा. चहा करणं, कप उचलणं हेही आळीपाळीने. पहिल्या दोन भेटींत कोण आपसूक उठतं ते बघा.

कुठले विषय काढावेत

क्रम ठरलेला नको, पण तीन विषय टाळून चालत नाहीत.

पहिला, हिशेब. नव्या विश्वस्ताला गप्प करण्याचं सगळ्यात सभ्य हत्यार म्हणजे ताळेबंद. सीए येतात, इंग्रजीतली पानं उलटतात, "इथे सही करा" म्हणतात. एका भेटीत प्रत्येक संस्थेने आपलं 31 मार्चचं लेखापरीक्षण आणायचं. सार्वजनिक न्यासांचे नमुने ठरलेले आहेत, शेड्यूल आठमध्ये ताळेबंद आणि नऊमध्ये उत्पन्न-खर्च पत्रक, त्यामुळे सगळ्यांची पानं सारखीच असतात आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. कॉर्पस म्हणजे काय, ठरावीक कामासाठी आलेला निधी दुसरीकडे का वापरता येत नाही, 'येणे' रकमेतलं खरंच किती येणार आहे, हे मराठीत बोलायचं. आमच्या गटात त्या दिवशी अकरा वर्षं खजिनदार असलेले एक काका म्हणाले, "घसारा हा शब्द मी दरवर्षी वाचतो, पण खरं सांगू का..." त्यानंतर नव्या लोकांची भीड जी गेली ती कायमची. अडाणी फक्त आपणच नाही, हे कळणं फार मोठं असतं. पुढच्या सभेसाठी खजिनदाराने एका पानावर मराठीत हिशेब देणं, हा तिथून निघालेला गृहपाठ.

दुसरा, अधिकार. 20 जुलै 1924 ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, आणि कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. वजनदार नावं मानाच्या जागी, कारभार ज्यांचा प्रश्न त्यांच्या हातात. शंभर वर्षांनंतर आपण नेमकं उलटं करतो, वस्तीतल्या माणसाला मानाची खुर्ची देतो आणि चाव्या आपल्याकडे ठेवतो. म्हणून प्रत्येक संस्थेने चाव्यांची यादी करायची: बँकेत सह्या कुणाच्या, अजेंडा कोण काढतं, नोकरभरतीच्या मुलाखतीला कोण बसतं, देणगीदाराशी कोण बोलतं, वकिलाला फोन कोण करतं. पंचायतीत हेच घडलेलं आपण पाहिलंय. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या, पण जिथे शिक्का आणि चेकबुक नवऱ्याच्या खिशात राहिलं तिथे 'सरपंचपती' तयार झाला. वर्षाअखेर यादीतली निदान एक चावी नव्या हातात गेली का, ते विचारायचं.

तिसरा, पोचणं. इथे बारीकसारीक गोष्टी असतात आणि त्याच निर्णायक ठरतात. रोजंदारीवर जाणाऱ्याला मंगळवारी सकाळी अकराची सभा म्हणजे बुडालेला रोज. शेवटची एसटी कितीची आहे? त्या भागात पाणी किती वाजता येतं? सभा अध्यक्षांच्या बंगल्यात होते की तटस्थ जागी? प्रवासखर्च प्रत्येकाला न मागता द्यायचा, नाहीतर गरज असलेला मागत नाही आणि गरज नसलेला 'मी घेत नाही' म्हणून मोठा होतो. मानधनाचं वेगळं आहे. त्याची दस्तात तरतूद आहे का हे आधी पाहा, कारण विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला अवाजवी लाभ दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते.

अपंग विश्वस्तांबाबत तर साध्या अज्ञानानेच दार बंद होतं. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. आपल्या डोक्यात मात्र रॅम्प एवढंच येतं. एका संस्थेने दृष्टिहीन विश्वस्तांना अजेंडा वेळेवर पाठवला होता, पण जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये, आणि पुढच्या वेळी छापील कागदाचा व्हॉट्सअॅपवर फोटो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला पहिलं निरर्थक अक्षरांसारखं वाटतं आणि दुसरं वाचताच येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, बस. खर्च शून्य. हे गटातल्या अपंगांच्या संस्थेने दोन मिनिटांत सांगितलं.

एकमेकांच्या सभेत बसा

चौथ्या भेटीनंतर, एकमेकांवर थोडा विश्वास बसला की, जोड्या लावा. एका संस्थेची जोडी दुसऱ्या संस्थेच्या विश्वस्त सभेला निरीक्षक म्हणून जाते. यजमान मंडळाची आधी संमती हवी, आणि नोकरवर्गाच्या तक्रारीसारखा गोपनीय विषय आला तर निरीक्षकांनी बाहेर बसायचं.

निरीक्षकाचं काम एकच. कागदावर सगळ्यांची नावं, कुणी बोललं की त्याच्यापुढे एक काडी. मध्येच तोडलं तर फुली, आणि कुणाचा मुद्दा दुसऱ्याने परत मांडल्यावर स्वीकारला गेला तर गोल. सभा संपल्यावर मतप्रदर्शन न करता तो कागद अध्यक्षांच्या हातात द्यायचा. मी पाहिलेल्या एका कागदावर अध्यक्षांपुढे 41 काड्या होत्या, चार जणांपुढे एकही नाही, आणि तीन गोल एकाच बाईंच्या नावापुढे. त्या अध्यक्षांनी पुढच्या सभेत ठरवलं की प्रत्येक विषयावर आपण सगळ्यात शेवटी बोलायचं. दोनदा विसरले, तिसऱ्यांदा जमलं.

नवी माणसं घेताना

हे काम सहाव्या-सातव्या भेटीत यावं, आधी नाही. सभेची सवय बदलण्याआधी माणूस आणलात तर वरच्या ताईंसारखं होतं.

एकटं कुणाला आणू नका, एका वेळी किमान दोघं. एकटी व्यक्ती आपल्या समाजाची प्रतिनिधी होऊन बसते. तिला फक्त "तुमच्या वस्तीतलं सांगा" एवढंच विचारतात, इमारतीच्या कर्जावर तिचं मत कुणी विचारत नाही. शोधही ओळखीत नको. गटातल्या बाकीच्या संस्था इथे कामाला येतात, कारण त्यांच्या ओळखी वेगळ्या असतात. 'आधी निमंत्रित म्हणून वर्षभर बसू दे, मग बघू' हा मार्ग वाईट नाही, पण पूर्वी कुणा डॉक्टरांना किंवा निवृत्त अधिकाऱ्यांना असं वर्षभर बसवलं होतं का, तेवढं स्वतःला विचारा.

येणाऱ्याला जबाबदारी स्पष्ट सांगा: सहीचा अर्थ काय, हिशेब चुकला तर विश्वस्त म्हणून काय उत्तर द्यावं लागतं, संस्थेकडे परदेशी निधीची नोंदणी असेल तर आधारचा तपशील द्यावा लागतो. हे लपवून आणलेली माणसं पहिल्या नोटिशीला घाबरून जातात.

मग कागदपत्रं. घटनेप्रमाणे मुदतीची सभा नोटीस, गणपूर्ती, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, जाणाऱ्याचा राजीनामा. आणि बदल झाल्यापासून 90 दिवसांच्या आत न्यास कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून राहून जातं, आणि राहिलं की नवा विश्वस्त फक्त बॅनरवर विश्वस्त असतो; बँक त्याची सही घेत नाही. आमच्या गटात तीन संस्थांनी एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर बसून हे अर्ज तयार केले. एकीला नमुना माहीत होता, दुसरीच्या ओळखीचे वकील होते.

बिघडतं कुठे

तिसऱ्या भेटीपासून अध्यक्ष आपल्याऐवजी कारकुनाला पाठवायला लागतात. तेव्हा फोन करून सांगायचं, तुम्ही येणार नसाल तर तुमची संस्था या वेळी नको. गट तक्रारींचा कट्टा होतो, सरकारला आणि देणगीदारांना शिव्या घालण्यात दोन तास मजेत जातात. मग प्रकरणाची वेळ घड्याळ लावून पाळायची. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस सुरू होतात. तारीख, जागा आणि गृहपाठ यांपलीकडे तिथे काही नको.

आणि भांडण होतं. सातव्या भेटीत आमच्याकडे एका तरुण विश्वस्ताने त्याच्याच अध्यक्षांना सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही मला फक्त निवडणुकीच्या वेळी फोन करता. अध्यक्ष उठून गेले. आम्ही कुणी समजूत घालायला मागे धावलो नाही, प्रकरण तिथेच थांबवलं आणि चहा घेतला. आठव्या भेटीला दोघं एकाच मोटारसायकलवर आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. संस्थेच्या पुढच्या अजेंड्यावर खाली निमंत्रक म्हणून त्या तरुणाची सही होती.

वर्ष संपल्यावर सहा महिन्यांनी एकदा परत भेटा, तोच काड्यांचा कागद घेऊन.